सांबारवडीचा निकाल

गणपत, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. भटजींनी पिंड मांडून हात मागे घेतला न घेतला तोच नाल्यापलीकडच्या सागावरून एक कावळा उतरला, इकडेतिकडे न बघता थेट आला आणि त्याने चोच मारली. काठावर उभे असलेले सगळे एकदम हलके झाले. "मानूस तृप्त गेला," कोणीतरी मागून म्हणालं. तुझा थोरला डोळे पुसता पुसता माझ्याकडे बघून हसलासुद्धा. मी एकटाच हिरमुसून उभा होतो. कारण मी घरून ठरवून आलो होतो की कावळा अडला, तर पुढे व्हायचं आणि सगळ्यांच्या देखत कबूल करायचं. म्हणायचं, गणपत, रामाळा तलावावर त्या दिवशी तू हरला नव्हतास. मी लबाडी केली होती. वाक्य तोंडात तयार होतं. त्या कावळ्याने पाच मिनिटं जरी घेतली असती, तरी माझं काम झालं असतं.

जिवंतपणीही तू असाच होतास. दुसऱ्याला माफी मागायला वेळच द्यायचा नाहीस. मी चुकलो रे, असं म्हणायला तोंड उघडावं, तर तू आधीच "जाऊ दे ना गा" म्हणून तंबाखूची डबी पुढे केलेली असायची. तेव्हा बरं वाटायचं ते. आज तोच तुझा स्वभाव माझ्या जिवावर उठला आहे.

बारा हिवाळे आपण एकत्र काढले. आलापल्लीच्या डेपोत तू लाकूड मोजायचास आणि मी ते वहीत लिहायचो. सागाच्या ओंडक्याला फीत गुंडाळून तू मोठ्याने आकडा सांगायचास, मी मान खाली घालून तो लिहायचो, मग शिक्क्याचा हातोडा पडायचा. त्या बारा वर्षांत राज्य बदललं, कचेरीवरचे फलक बदलले, साहेब तर किती आले आणि गेले. आपल्या दोघांचा वाद मात्र एकच राहिला. चांद्याला सांबारवडी कोणाची चांगली? जटपुऱ्याच्या रामलालची की पठाणपुऱ्याच्या लक्ष्मीबाईची?

दिवाळी उलटली की ओंडक्यांचे ट्रक बल्लारशाला सुटायचे, आणि त्यांच्यासोबत कागद घेऊन आपण दोघं. आष्टीला नदी ओलांडायची, गोंडपिपरीला चहा घ्यायचा आणि बल्लारशाचं काम उरकलं की चांद्याच्या कचेरीत कागदांवर सही घ्यायला जायचं. सही मिळायला दुपार व्हायची. तेवढी सकाळ आपली. हिवाळ्यातच बाजारात सांबाराच्या हिरव्यागार जुड्यांचे ढीग लागत आणि हिवाळ्यातच वडी होई. पुण्याहून आलेल्या त्या नव्या साहेबांना तू किती गंभीर चेहऱ्याने समजावलं होतंस! "सायेब, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर. तुमी ते भाजीवर चिमूटभर टाकता. आमी त्याची अख्खी जुडी बेसनाच्या पुडात भरतो, तळतो आन् कढीसंगं खातो." साहेबांनी ते डायरीत लिहून घेतलं. तू नंतर डेपोभर सांगत फिरलास की साहेबांना सगळ्यात आधी कामाची गोष्ट मी शिकवली.

माझा कौल रामलालला. त्याच्याकडे बसायला बाकं होती, भिंतीवर मोठा आरसा होता आणि रेडिओ चालू असायचा. वडी हातभर लांब नसली तरी चांगली भरभक्कम, दोन खाल्ल्या की दुपारचं जेवण झालं. वडी द्यायचा पळसाच्या द्रोणात. तुझी लक्ष्मीबाई पठाणपुरा गेटाच्या आत एका पडवीत चूल मांडून बसायची. बसायला पोतं. वडी बोटाएवढी. आणि ती बांधून द्यायची सागाच्या पानात. पळस घ्या म्हटलं तर ऐकायची नाही. म्हणायची की सागाच्या पानात गरम वडी ठेवली की पानाचा वास तिला लागतो. जंगलातल्या बाया डोक्यावर पानांचे गठ्ठे घेऊन तिच्याकडे यायच्या, कोवळी मोठाली पानं निवडून ती वेगळी काढायची. चांद्यात कोणाच्या हातात सागाच्या पानाचा पुडा दिसला की समजावं, हा पठाणपुऱ्याहून आला.

"तू चवीसाठी जातं का रेडिओ आयकाले जातं?" असं तू मला विचारायचास.

"आन् तू त्या बाईच्या शिव्या खाले जातं," मी म्हणायचो. कारण लक्ष्मीबाई तोंडाची फटकळ. कढी दुसऱ्यांदा मागितली की म्हणायची, "वडी खाले आला का कढी प्याले?" तू हसत हसत कढीची वाटी पुढे धरायचास आणि ती पुटपुटत भरून द्यायची.

ट्रकवर बसून परत येताना आपलं भांडण सुरू व्हायचं ते आष्टीच्या नावेपर्यंत पुरायचं. रामलाल खसखस भाजत नाही, कच्चीच घालतो. बाई लिंबू शेवटी पिळते. रामलालचं पारीचं बेसन जाड. बाईची वडी तेल पीत नाही. मी म्हणायचो, अरे, वडी पोट भरायला असते. तू म्हणायचास, "पोट तं भाकरीनंबी भरते. वडी जिभीसाठी असते." आणि मग मी तुझ्या जिभेवर घसरायचो. हे तुला माहीत होतं की नाही कोण जाणे, पण तुझ्या जिभेचा मला राग होता.

आज सांगून टाकतो. राग म्हणजे मत्सर. पाणी कोणत्या विहिरीचं ते तू घोटभर पिऊन सांगायचास. साहेबांच्या बंगल्यावर चहा प्यायलास आणि उठता उठता म्हणालास, आज दूध बकरीचं होतं. आणि ते तसंच निघालं. गावात कोणाचं लग्न असो, बारसं असो, आचारी पहिला पळा तुझ्याकडे घेऊन यायचा. मांडवात शंभर माणसं, त्यात सरपंच, पाटील, आपले साहेब, आणि तो घामाघूम आचारी सगळ्यांना ओलांडून गणपत मोजणीदारासमोर येऊन उभा राहायचा. तू पळ्यातलं वरण तळहातावर घ्यायचास, चाटायचास, डोळे मिटायचास. सगळा मांडव तुझ्याकडे बघायचा. मग तू म्हणायचास, "चिमूटभर मीठ, आन् आता खाली उतरव." मी तुझ्या शेजारीच बसलेला असायचो. मला कधी कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. मी शाळा जास्त शिकलो होतो, माझं अक्षर चांगलं होतं, पगारही माझा वरचा होता. पण लोकांच्या डोळ्यांत तुझ्यासाठी जे दिसायचं, ते माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

आणि याच जिभेच्या जिवावर तू मला जगवलं होतंस. मी पहिल्यांदा आलापल्लीला आलो तेव्हा एकटा होतो. जंगलाची धास्ती घेतलेली, जेवण जात नव्हतं. महिनाभर रोज दुपारी तू सरस्वती वहिनींच्या हातचा डबा घेऊन डेपोत आलास. नुसता ठेवून गेला नाहीस. समोर बसायचास आणि एकेक गोष्ट सांगायचास. ही भाजी कुड्याच्या फुलांची, आधी उकडून पाणी टाकावं लागते नाहीतर कडू. हे वरण लाखोरीचं, याला लसूण सोसतो, हिंग सोसत नाही. तुझं ऐकता ऐकता मी कधी जेवायला लागलो ते मला कळलं नाही. माझी बायको इथे आली तेव्हा तिने विचारलं, तुम्हाला हे सगळं खायला कोणी शिकवलं? मी तुझं नाव सांगितलं. असा माणूस होतास तू माझा, आणि तरी मी तसं वागलो.

तीन वर्षांपूर्वी तुला मोठा ताप आला. वीस दिवस तू खाटेवर होतास आणि रोज कोयनेलच्या कडू गोळ्या घेत होतास. उठलास तेव्हा नुसता सापळा राहिला होता. त्यानंतरची ती आपली पहिली चांद्याची खेप. ट्रकवर मी नेहमीसारखी छेड काढली. "आता कोयनेलनं तुयी जीभ धुतली असीन. आता तुले रामलालच गोड लागीन."

तू उसळलास. "डोये बांध माहे," म्हणालास. "दोनी वड्या समोर ठेव. कोनती बाईची ते नाई सांगतलं तं पुन्हा पठाणपुऱ्याले पाय ठेवणार नाई. रामलालकडंच खाईन, तुह्यासंगं, जिंदगीभर."

मी कचेरीतल्या शिपायाची सायकल मागून घेतली. आधी पठाणपुऱ्याला गेलो, मग जटपुऱ्याला, आणि दोन्ही पुडे गरम असताना रामाळा तलावावर आलो. चिंचेखाली तू दुपट्ट्याने डोळे बांधून मांडी घालून बसला होतास, लग्नातल्या नवरदेवाच्या तोऱ्यात. मी दोन्ही पुडे तुझ्यासमोर उघडले आणि आकारावरून कळू नये म्हणून दोन्हींचा एकेक सारखाच तुकडा ठेवून बाकीच्या वड्या पिशवीत टाकल्या. पहिली वडी रामलालची दिली. तू अर्धी खाल्लीस, उरलेली माझ्या हातात दिलीस. चूळ भरलीस. मग बाईची दिली. तीही अर्धी खाल्लीस. किती वेळ चावत होतास! मग तुझ्या तोंडावर हसू आलं.

"दुसरी बाईची," तू म्हणालास. "पयलीची खसखस कच्ची आहे. आन् गड्या, ही दुसरी... आज बाईनं लिंबू थोडं कमी पियलं. काई बिनसलं असीन तिचं."

खरोखर बिनसलं होतं. मी पुडा घेताना ती सुनेवर ओरडत होती. मी हे तुला सांगितलं नव्हतं. तुझ्या बांधलेल्या डोळ्यांकडे बघत मी उभा होतो. या माणसाची जीभ तापातूनही उठून आली. याला आता कोणी कधी हरवणार नाही.

तू पाण्याचा तांब्या चाचपडत होतास तेवढ्यात मी दोन्ही अर्ध्या वड्यांची पानं बदलली. तुझी बाईची वडी पळसाच्या द्रोणात ठेवली, रामलालची सागाच्या पानावर. इतकंच केलं मी. श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ लागला असेल. मग म्हणालो, "सोड पट्टी. पयली उजवीकडं, दुसरी डावीकडं. पाय आता."

तू पट्टी सोडलीस आणि खाली बघितलंस. मला वाटलं, तू हसशील, म्हणशील की शंकर, लेका, पानं बदलवलीस. दुसरा कोणीही असता तर त्याने हेच म्हटलं असतं. पण तू जंगलचा माणूस. सगळा जन्म तू सालीवरून झाड ओळखलंस, पानावरून झाडाचं वय सांगितलंस. तू ते सागाचं पान उचललंस, उलटं करून शिरा बघितल्यास, नाकाशी नेलंस. मग पळसाचा द्रोण उचललास. आणि तुझा चेहरा बघता बघता उतरला.

"पान खोटं नाई बोलत," तू म्हणालास. "माही जीभच गेली, शंकर."

मी हसत होतो. पुढच्या क्षणी सांगणारच होतो, असं आता स्वतःला समजावावंसं वाटतं. पण तेव्हा काय वाटत होतं ते मला स्वच्छ आठवतं. बरं वाटत होतं. आष्टीची नाव गाठायच्या आत मी ट्रकवरच्या सगळ्यांना सांगितलं होतं की गणपतला बाईची वडी ओळखता आली नाही. ते हसले, तूही हसलास. आलापल्लीला पोचेपर्यंत ती गोष्ट झाली होती.

तू शब्दाला जागलास. पुन्हा पठाणपुऱ्याला गेला नाहीस. तीन हिवाळे माझ्या शेजारी रामलालच्या बाकावर बसून त्याची जाड पारीची वडी खाल्लीस आणि मी विचारलं की म्हणायचास, "चांगली आहे ना." मला त्यात गंमत वाटायची. एकदा तर तू आरशात स्वतःची जीभ बाहेर काढून बघत होतास. मी ते पाहिलं आणि रेडिओकडे मान फिरवली.

मग कोतवालाच्या मुलीचं लग्न आलं. आचारी भाजीचा पळा घेऊन सवयीने तुझ्यासमोर आला. तू हात जोडलेस. "मले आता समजत नाई गा. शंकरले दे." आणि तो पळा माझ्यासमोर आला. मांडव माझ्याकडे बघत होता. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते समोर उभं होतं. मी तळहातावर भाजी घेतली, तुझ्यासारखेच डोळे मिटले आणि म्हणालो, "थोडं मीठ पाहिजे."

भाजी खारट झाली. लोकांनी पहिला घास घेतला आणि एकमेकांकडे बघितलं. तेवढ्यात तुझा आवाज आला, "वाढ गा इकडं, झकास झाली भाजी." तू दोनदा मागून घेतलीस. मला तेव्हा वाटलं, बिचाऱ्याला खरंच समजत नाही. बघ, मी स्वतः केलेली लबाडी मीच विसरलो होतो. खोटं बोलून इतके दिवस झाले की मलाच ते खरं वाटायला लागलं. तुला त्या दिवशी कळलं होतं की नव्हतं? मला सांभाळून घेत होतास की स्वतःच्या जिभेवर विश्वास नव्हता म्हणून लोकांचं तोंड न बघता खात होतास? हे आता मला कोण सांगणार?

या मार्गशीर्षात मी एकटाच ट्रकसोबत निघालो. तुला बारीक कणकण होती म्हणून तू थांबलास. डेपोच्या फाटकाशी शाल पांघरून उभा होतास. म्हणालास, "शंकर, पठाणपुऱ्याले जाशीन काय? बाईचा एक पुडा आन."

"तुले कोनतीबी आनली तरी सारखीच," मी म्हणालो.

"सारखीच," तू म्हणालास. "पन तीच आन."

हे आपलं शेवटचं बोलणं. यात माझ्या वाट्याचं जे वाक्य आहे ते रोज उठल्या उठल्या कानात येतं.

त्या दिवशी कचेरीत सही मिळायला उशीर झाला. ट्रक जटपुऱ्याशी उभा होता, पठाणपुरा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी रामलालकडून पुडा घेतला. याला कुठे कळणार आहे, असं मनात म्हणालो, खरंच म्हणालो. आणि गोंडपिपरीच्या पुढे ट्रकचा ड्रायव्हर पाणी भरायला थांबला तेव्हा रस्त्याकडेच्या सागाच्या फुटव्याचं एक चांगलं मोठं पान तोडलं, वड्या त्यात बांधल्या आणि पळसाचे द्रोण फेकून दिले. दुसऱ्यांदा, गणपत. पहिल्यांदा मी जळून केलं होतं. या वेळी नुसता आळस होता.

आलापल्लीला पोचलो तर तुझ्या दाराशी माणसं होती. सकाळीच तू गेला होतास. मी पिशवी खांद्यावर असतानाच आत शिरलो. वहिनी तुझ्या उशाशी बसल्या होत्या. माझ्या पिशवीतून डोकावणारं सागाचं पान त्यांनी बघितलं आणि हात पुढे केला. "कालपासून वाट पायत होते," त्या म्हणाल्या. "म्हनत होते, शंकर बाईचा पुडा आनून राह्यला." त्यांनी तो पुडा तुझ्या छातीवर ठेवला. तुला नेलं तेव्हाही तो तिथेच होता. मी तुला खांदा दिला. सगळी वाट माझ्या नाकाशी त्या तळलेल्या वड्यांचा वास होता आणि चारी बाजूंना बाया रडत होत्या. मला रडायला आलं नाही. भीती वाटत होती.

दहाव्याची गोष्ट तुला सांगितलीच. दुसऱ्या दिवशी मी डेपोत सगळ्यांना बोलावून रामाळ्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, निदान तुझं नाव तरी परत जागेवर ठेवावं. ऐकून सगळे हसले. "वा रे मुनशी," हातोडा मारणारा म्हणाला, "गणपतभाऊले समजलं असतं तं तुले लय शिव्या देल्या असत्या." मग त्यांनी तुझ्या जिभेचे जुने किस्से काढले, बकरीच्या दुधाचा काढला आणि हसता हसता दोघंतिघं रडले. कोणी मला बोल लावला नाही. त्यांच्यासाठी ती दोन मित्रांची थट्टा होती. मी मोकळा होईन असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

म्हणून तेराव्याला, पंगती उठल्यावर, मी मागच्या दाराने तुझ्या स्वयंपाकघरात गेलो. वहिनी एकट्याच भांडी आवरत होत्या. मी उंबऱ्यावर बसलो आणि सांगितलं. डोळे बांधले होते ते, पानं बदलली ती, तू काय म्हणालास ते, सगळं. दोन्ही गोष्टी सांगायच्या, असं ठरवून गेलो होतो. तलावावरची आधी, पुड्याची नंतर.

तलावावरचं ऐकून झाल्यावर वहिनींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, आता रागावतील. रागावल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

"म्हंजे त्याईची जीभ चांगली होती?" त्यांनी विचारलं.

"हो वहिनी. चांगलीच होती. माझंच चुकलं."

"शेवटपर्यंत?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी ओले हात पदराला पुसले.

"भाऊजी, मले तं वाटे, त्याइले चव नाई," त्या म्हणाल्या. "तेच म्हनत ना. जेवाले बसले का म्हनत, मले काय, काईबी वाढ, जीभ मेली माही. मंग मीबी तसंच केलं. लेकराइले ताजं वाढलं आन् त्याइले कालचं. वरण आंबलं तं फेकाले जीव होत नोहता, त्याइले वाढलं. भाकर करपली, त्याइले वाढली. मधी माह्या कंबरेचं दुखनं होतं तवा तं महिनाभर धड कायी रांधलंच नाई. पयले कसे होते तुमाले मालूम आहे. मीठ कमी झालं तं ताट सरकवत. आन् हे तीन वर्सं... एक दिवस बोलले नाई. म्हनत, चांगलं झालं वं."

त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"म्हंजे त्याइले सारं लागत होतं."

गणपत, मला वाटायचं मी तुझी पंगतीतली जागा चोरली, आचाऱ्याचा पळा चोरला. तुझ्या घरातल्या ताटापर्यंत माझा हात पोचला होता हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं तू करपलेली भाकरी खाल्लीस. ती करपलेली आहे हे तुझी जीभ तुला सांगत होती आणि तू तिच्यावर विश्वास ठेवत नव्हतास, कारण मी तुला एक पान दाखवलं होतं. आणि आता ज्या बाईने तीन वर्षं ते ताट वाढलं, तिच्या पदरात मी हे टाकलं होतं. माझं ओझं हलकं व्हावं म्हणून. मी काय बोललो ते आठवत नाही. तुमचा दोष नाही, असं काहीतरी बोललो असेन. त्या ऐकत नव्हत्या.

त्यांनी डोळे पुसले. चुलीतली राख सारखी केली. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या चेहऱ्यावर एवढीशी का होईना, उभारी होती. बुडणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागावं तशी.

"एक बरं झालं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "जाताना तरी त्याइले बाईची वडी भेटली. तुमी आनली म्हनून. बाईचीच होती ना ती?"

सगळं सांगायचं म्हणून मी त्या उंबऱ्यावर बसलो होतो, गणपत.

"हो," मी म्हणालो. "बाईचीच."

"लिंबू बरोबर होतं?"

"अगदी बरोबर होतं."

त्यांनी मान डोलावली आणि राहिलेली भांडी घासायला घेतली.